झोल नेमका कुठला?

मुलीने कॉलेजच्या वहीत लिहायला 'झोल' या बोलण्यातल्या शब्दाचा उगम विचारला आणि वायरमनने चहाचा कप खाली ठेवला. इथेच चुकलं.

त्याच्या मते शब्द तारेतला. दोन खांबांमध्ये तार सैल पडते तो झोल. पुढे लोकांनी तो गडबड-घोटाळ्याला लावला. शिलाई मशीनवरून मान न उचलता बायको म्हणाली, झोल कापडाचा. नीट न बसलेलं कापड लोंबतं तो झोल, आणि तार निघायच्या कितीतरी आधीपासून माणसं कपडे घालताहेत. (मुद्दा बिनतोड होता, म्हणून तो चिडला.)

"मग तुझा हा पडदा बघ. मध्ये लोंबतोय."

"पडदा सरळ आहे. तुमची तार लोंबतेय."

गिऱ्हाइकांनी कपडे घालून बघायच्या कोपऱ्याचा तो पडदा, वायरमनने बांधलेल्या तारेवर टांगलेला. चार वाजता मुख्याध्यापिका नमुन्याचा कोट घालून बघायला येणार होत्या. तो पसंत पडला, तर शाळेतल्या सगळ्या शिक्षिकांचे कोट शिवायचं काम मिळणार होतं. बायकोने तो कोट तीनदा उसवून शिवला होता.

तीस वर्षं वायरमन हाताखालच्यांना बजावत आला होता, की तार ताणून बांधू नका, थोडा झोल ठेवा. पण आज प्रश्न बायकोसमोर हार न मानण्याचा होता. त्याने पक्कड घेतली आणि तार अशी आवळली, की बोट लावताच वाजावी.

मुख्याध्यापिका आल्या, कोट घेऊन आत गेल्या आणि तो घालून बाहेर यायला त्यांनी पडदा ओढला. आधी भिंतीतला खिळा निघाला, मागोमाग तार, मग पडदा, थेट त्यांच्या डोक्यावर. आत बराच वेळ हातपाय झाडले गेले. बायकोने फक्त मशीनवरून मान उचलली. ती ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

पडदा उचलता उचलता त्याने सगळं सांगून टाकलं: वाद, पक्कड, हट्ट. "कोटात खोट नाही, बाई. खोट माझी आहे."

मुख्याध्यापिकांनी केस सारखे केले, हात पुन्हा वर करून पाहिले. "एवढी झटापट झाली, पण काखेत कुठे ओढलं नाही."

"तिथे थोडं सैल सोडलंय," बायको हळूच म्हणाली.

काम मिळालं. संध्याकाळी त्याने तार पुन्हा लावली, यावेळी थोडी सैल. खाली उतरला तर टेबलावर मुलीची वही उघडी होती. तिने लिहिलं होतं:

'उगमाबद्दल दोन मतं आहेत, तार आणि कापड. मुख्याध्यापिकांच्या मते मात्र आमचे बाबा.'