आमच्या लाँड्रीचा बॉयलर

आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे गैरसमज नको. माझ्याइतका समजूतदार आणि थंड डोक्याचा ड्रॅगन तुम्हाला अख्ख्या गावात शोधून सापडणार नाही! आता गावात ड्रॅगन मी एकटाच, त्यामुळे स्पर्धा जरा कमी पडते, हे मान्य. पण पहिला नंबर तो पहिला नंबर.

वय वर्षं सात. उंची टेबलाएवढी, शेपटीसकट मोजलं तर दोन टेबलं. घरात मला ठिणग्या म्हणतात. आमची लाँड्री आहे, पुढे दुकान आणि मागे घर. मी इथे कसा आलो, ते आई सांगते. कोणीतरी धुवायला टाकलेल्या ब्लँकेटांच्या गाठोड्यात एक गुळगुळीत गोल दगड निघाला. ब्लँकेटं न्यायला कोणी आलं नाही, दगड मागायलाही नाही. आईनं तो इस्त्रीच्या कपड्यांवर वजन म्हणून ठेवून दिला. गरम कपड्यांवर दीड महिना बसून दगडाचं जे व्हायचं ते झालं. बाबा म्हणाले, प्राणिसंग्रहालयाला कळवू या. आई म्हणाली, ओला आहे अजून, वाळू दे, मग बघू. सात वर्षं झाली, मी वाळतोच आहे.

बाबा इस्त्री करतात. माणूस इतका गरीब की सुरकुतीलासुद्धा आधी चुचकारतात आणि मग इस्त्री ठेवतात. मोठ्यानं बोललेलं मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. ताई अकरा वर्षांची, सहावीत आहे आणि तिला सगळं येतं, असं तिचंच म्हणणं. माझं काम सोपं. सकाळी सहाला पाण्याच्या मोठ्या टाकीखाली आडवं व्हायचं आणि फुंकर मारायची. आठपर्यंत टाकी खदखदायला लागते. मग बाबांच्या इस्त्रीतले कोळसे फुलवून द्यायचे, की दिवसभर मोकळा.

असं सगळं छान चाललेलं असताना एका दुपारी लॉजचा मॅनेजर आला. लॉजच्या सगळ्या चादरी आमच्याकडेच येतात. मी पडद्याच्या आत लोळत होतो. मॅनेजरनं विचारलं की एवढ्या चादरी एवढ्या लवकर आणि एवढ्या स्वच्छ होतात तरी कशा? आणि आई त्याला म्हणाली, "आमचा बॉयलर फार चांगला आहे हो. सात वर्षं झाली, एकदाही बिघडला नाही."

बॉयलर! घरात बॉयलर नावाची वस्तू नाही. सात वर्षांचं न बिघडलेलं घरात एकच काय ते आहे, आणि ते पडद्याआड पालथं पडून ऐकत होतं. मला रडू आलं. खरंच आलं, त्यात लाजायचं काय? ड्रॅगनला रडू आलं की गालावरच वाफ होते, म्हणून कोणाला दिसत नाही एवढंच.

त्या दिवशी जेवणं झाल्यावर ताईनं बातमी आणली. जनगणना आली आहे. एक बाई रजिस्टर घेऊन घरोघर येणार आणि घरात कोण कोण आहे ते लिहून घेणार.

"मला लिहितील?" मी विचारलं.

"आईला विचार," ताई म्हणाली.

आता शहाण्या माणसानं सरळ जाऊन आईला विचारलं असतं. मी विचारलं नाही. आई 'नाही' म्हणाली तर काय करायचं, ते मला माहीत नव्हतं. त्यापेक्षा मी एक योजना आखली. योजना अशी, की त्या बाईंसमोर आपण इतकं मुलासारखं दिसायचं आणि वागायचं, की त्यांना दुसरं काही लिहिताच येऊ नये. आणि बॉयलरचा संशय मुळीच नको, म्हणून त्या येऊन जाईपर्यंत आग बंद. ठिणगीसुद्धा नाही!

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी टाकीखाली आडवा झालो आणि तोंड घट्ट मिटून पडून राहिलो. सात वाजले, आठ वाजले. टाकी थंडगार. आईनं वाकून पाहिलं. बाबांनी माझ्या पोटावर टकटक केली. मी डोळे मिटून घेतले. जनावरांच्या डॉक्टरांनी मला दारातूनच पाहून सांगितलं, हे माझ्या खात्यात येत नाही. माणसांच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं, फक्त जाता जाता आणि जरा पळत.

लॉजच्या एकशे ऐंशी चादरी तशाच पडल्या. आईनं माळ्यावरचा जुना स्टोव्ह काढला आणि त्यावर एक एक पातेलं पाणी तापवायला घेतलं. पातेलं उतरवताना तिचा हात पोळला. तरी काम झालं की ती येऊन माझी पाठ चोळत बसायची, मध्येच कपाळाला हात लावून बघायची. आता ही गोष्ट कोणालाही कळली असती. मला काय वाटलं माहितीये? मला वाटलं, बरोबरच आहे, यंत्र बिघडलं की माणूस तेलपाणी करतोच! अकलेचा कांदा म्हणतात तो मीच.

तिचा पोळलेला हात बघून मात्र एक फुंकर मारावी आणि संपवावं, असं दहा वेळा मनात आलं. पण हट्टाला पेटलो होतो, आणि पेटायची तेवढीच एक जागा उरली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी तयारी केली. कोणी न नेलेल्या कपड्यांच्या फळीवरून एका आचाऱ्याचा पांढरा कोट काढला. पंख आत कोंबले, बटणं लावली. शेपूट उशीच्या अभ्र्यात घातली. भांग पाडायला केस नाहीत, म्हणून डोक्याला नुसतंच पाणी लावलं. पोटात दोन दिवसांची आग तुंबलेली, त्यामुळे कोट पुढून असा ताणला होता की श्वास घ्यायची सोय नव्हती.

साडेनऊला एक बाई आल्या. खांद्याला पिशवी, हातात रजिस्टर. आई मागे पाणी तापवत होती, बाबा चादरी पिळत होते, ताई शाळेत. दार मी उघडलं.

"या, बसा," मी म्हणालो. "मी या घरचा धाकटा मुलगा."

बाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग अभ्र्यापर्यंत पाहिलं, आणि चष्मा पुसून बसल्या. सरकारी माणूस असावा तर असा! तोंडावरची रेष हलली नाही. वय विचारलं, मी सात सांगितलं. काय करतोस विचारलं. इथे मला वाटलं, छाप पाडायची हीच वेळ. मी सांगितलं की या टाकीतलं सगळं पाणी मी तापवतो, एकट्यानं. इस्त्रीचे कोळसेही मीच फुलवतो. बाई लिहीत होत्या. रोज का? रोज, सकाळी सहापासून. सुट्टी? सात वर्षांत एकही नाही, मी छाती काढून सांगितलं, आणि वरचं बटण तुटलं. शाळा? छे, शाळेला वेळ कुठून आणणार!

आयुष्यात माझं बोलणं इतकं मन लावून कोणी ऐकलं नव्हतं. बाईंनी पान उलटलं. मी म्हणालो, पाणी हवं का, कोमटच आहे सध्या.

तेवढ्यात आई हात पुसत बाहेर आली. बाईंनी ओळखपत्र दाखवलं. जनगणना वगैरे काही नाही. बाई बॉयलर तपासणाऱ्या ऑफिसातल्या होत्या! लॉजच्या मॅनेजरनं त्यांच्या साहेबांपुढे आमच्या बॉयलरची इतकी स्तुती केली होती, की साहेबांनी कौतुकानं नोंद काढून पाहायला सांगितली. नोंदच सापडेना. म्हणून बाई स्वतः आल्या होत्या.

"बॉयलर कुठे आहे?" बाईंनी विचारलं.

बाबांनी पाहू नये पाहू नये म्हणत माझ्याकडे पाहिलं.

बाईंनी पेन खाली ठेवलं. बावीस वर्षं हे काम करते आहे, त्या म्हणाल्या, कोट घातलेला बॉयलर पहिल्यांदाच बघते. पण मला काहीतरी लिहावं लागेल. मग त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं. मी बॉयलर असेन, तर परवाना आजच देता येईल, नंबरचा एक पत्रा ठोकला की काम सुरू. जनावर असेन, तर धुलाईच्या जागेत जनावर चालत नाही, संध्याकाळपर्यंत दुसरीकडे हलवावं लागेल. आणि मुलगा असेन, तर सात वर्षांच्या मुलाला शाळेत न घालता आगीच्या कामाला लावलंय, दुकानाला कुलूप लागेल. रीतसर बॉयलर आणून बसवाल, तेव्हा कुलूप निघेल.

म्हणजे मी बॉयलर ठरलो तर सगळं सुरळीत, मुलगा ठरलो तर दुकान बंद. आणि सहापासून राबतो, सुट्टी नाही, शाळा नाही, हा सज्जड पुरावा तोंडानं देणारा दीडशहाणा कोण, तर मीच!

बाबा आईच्या कानाशी लागले. "अगं, बॉयलर म्हणून टाक. नुसता पत्राच तर आहे."

आईच्या पोळलेल्या हाताला पट्टी होती, मागे दीडशे चादरी पडल्या होत्या, आणि हे सगळं माझ्या अकलेनं झालं होतं. मला ते बघवेना. मी पुढे झालो.

"आई, बॉयलर लिही. पत्रा पोटावर ठोकला तरी चालेल, कोटाखाली दिसणार नाही."

"गप्प बस," आई म्हणाली. "मोठी माणसं बोलताना मध्ये तोंड घालायचं नाही, किती वेळा सांगितलंय तुला?"

मग ती बाईंकडे वळली. म्हणाली, त्या मॅनेजरला बॉयलर सांगितलं ते मीच. पालीला बघून खुर्चीवर चढणारा माणूस तो, त्याला दुसरं काय सांगणार होते? आणि याला मी कधी कामाला लावलं नाही. चालायला लागला तसा आपणच टाकीखाली जाऊन बसायचा, माझ्या मागेमागे. माझंच चुकलं, मला तेव्हाच थांबवायला हवं होतं.

"मुलगा आहे माझा," ती म्हणाली. "लिहा, आणि काय कुलूप लावायचं ते लावा."

बाईंनी पेन उचललं. "पूर्ण नाव?"

आईनं तोंड उघडायच्या आत बाबा पुढे आले. आत्ता बॉयलर बॉयलर म्हणून कुजबुजणारे आमचे बाबा! इतक्या मोठ्यानं बोलले की रस्त्यावरची दोन माणसं थांबली. आधी ठिणग्या, शेवटी आमचं आडनाव, आणि मध्ये स्वतःचं नाव, एक एक अक्षर सुटं करून. "मध्ये माझं लिहा," ते पुन्हा म्हणाले, बाई लिहीत असताना.

आता तुम्हीच सांगा, अशा वेळी कोणाचा ऊर भरून येणार नाही? माझाही आला. फक्त माझ्या उरात दोन दिवसांची आग होती.

आधी हुंदका आला. तो मी गिळला. मग उचकी आली, ती काही गिळता आली नाही. कोटाची उरलेली बटणं एकदम सुटली, एक बाबांच्या कपाळाला लागलं, आणि माझ्या तोंडातून जी ज्वाळा निघाली ती खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत! पडदा गेला. दोरीवर वाळत घातलेल्या, आईनं पातेल्यापातेल्यानं पाणी तापवून धुतलेल्या तीस चादरी गेल्या. शेपटीचा अभ्रा गेला. बाईंच्या रजिस्टरनं पेट घेतला, तो त्यांनी पिशवीनं चार फटके मारून विझवला. तेव्हाही तोंडावरची रेष हलली नाही. जळक्या पानाकडे पाहून त्या म्हणाल्या की नाव शाबूत आहे, बाकीचं मी आठवून लिहीन.

त्या गेल्यावर आईनं मला जे झापायला सुरुवात केली, ती दुपारी ताई घरी येईपर्यंत. आजारी असल्याचं सोंग केलंस, माझा जीव टांगणीला लावलास, विचारायला काय तोंड शिवलं होतं का, कोट कोणाला विचारून घेतलास! मी खाली मान घालून ऐकत होतो आणि आतून इतकं बरं वाटत होतं की विचारू नका. यंत्राला कोणी तीन तास बोलत नाही.

लाँड्री तीन आठवडे बंद राहिली. बाबांनी खरा बॉयलर आणून बसवला. तो माझ्यापेक्षा हळू तापतो, हे मी फक्त तुम्हाला सांगतो. आणि मला शाळेत घातलं, पहिलीत. शेवटच्या बाकावर, खिडकीजवळ, वर्गात पाण्याची बादली ठेवायच्या अटीवर.

पहिल्याच दिवशी वर्गाच्या बाईंनी हजेरी घेतली. माझं नाव आलं, पूर्ण, तिन्हीच्या तिन्ही. मी उभा राहून खणखणीत 'हजर' म्हणालो. जरा जास्तच खणखणीत. फळा तसा जुनाच होता, पण फळ्यावरचा नकाशा नवा होता असं म्हणतात.

आईला शाळेत बोलावलं. मुख्याध्यापिका, बाई, मी आणि बादली असे चौघं ओळीनं उभे होतो. मुख्याध्यापिकांनी विचारलं, हा मुलगा तुमचाच का?

आईनं काळ्या भिंतीकडे पाहिलं. फळा जिथे असायचा तिथे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मग एक मोठा सुस्कारा सोडून, ज्यांनी जन्मात मोठ्यानं काडीसुद्धा ओढली नसेल अशा आमच्या बाबांवर तिनं सगळं ढकलून दिलं.

"काय सांगू बाई तुम्हाला," ती म्हणाली, "अगदी वडिलांवर गेलाय."