समक्ष पाहिलेला पूल

जगात दोनच प्रकारच्या गोष्टी असतात : ज्यांची नोंद झालेली आहे त्या, आणि ज्या नुसत्याच आहेत. दुसऱ्या प्रकारात डोंगर, डास, गुडघेदुखी आणि बहुतांश जनता मोडते. पहिल्या प्रकारातल्या गोष्टी मात्र टिकाऊ. त्यांना गंज चढत नाही, तडे जात नाहीत, आणि त्या कधी पडत नाहीत, कारण पडायला आधी उभं असावं लागतं.

हे सत्य प्रांताला शिकवलं प्रांतपाल साहेबांनी, आणि साहेबांना शिकवलं पोलीस चौकीने.

साहेब तरुणपणी जुन्या बाजारातल्या चौकीचे फौजदार होते. चौकीसमोर, रस्ता ओलांडला की, एका शिंप्याचं दुकान. त्याला सगळे मास्तर म्हणत. साहेबांचा पहिला गणवेश मास्तरांनी शिवला तेव्हा साहेबांची कंबर तीस होती. (आता चव्वेचाळीस आहे. प्रांताच्या वाढीचा हा एकमेव आकडा, जो मास्तरांनी स्वतः टेप लावून मोजलेला आहे.)

साहेबांच्या कारकिर्दीत चौकीच्या हद्दीतल्या चोऱ्या एका वर्षात चौऱ्याऐंशी टक्क्यांनी घटल्या. तक्रारवही ज्या कपाटात असे, त्या कपाटाची किल्ली चोरीला गेली होती. किल्लीच्या चोरीची तक्रार त्याच वहीत लिहावी लागणार होती. (उरलेल्या सोळा टक्के चोऱ्या किल्ली जाण्याआधीच्या आहेत.) वरच्यांनी कौतुक केलं, आणि साहेबांच्या मनावर एक गोष्ट कोरली गेली : जे लिहिलं नाही ते घडलं नाही. माणूस बुद्धिमान असल्यामुळे त्यांना लगेच हेही सुचलं, की मग जे लिहिलं ते घडलंच.

एक गोष्ट इथेच सांगून टाकलेली बरी. साहेब सज्जन होते. चौकीत चहासुद्धा घरून थर्मासमध्ये आणत. लबाड अधिकाऱ्याला आपण काय करतोय ते ठाऊक असतं. साहेबांना ती अडचण नव्हती.

आता पंचनामा म्हटला की पाच पंच आले, आणि दर वेळी पाच नवे, निर्व्यसनी, रिकामे नागरिक आणायचे कुठून? म्हणून चौकीसमोरचेच पाच जण कायमचे नेमले गेले : शिंपी मास्तर; एका डोळ्याने बघणारे घड्याळजी; निवृत्त पोस्टमन; न्हावी; आणि एक गृहस्थ, ज्यांचा धंदा कुणालाच माहीत नव्हता, पण ते चौकीच्या बाकावर नेहमी बसलेले असत. "मास्तर, दोन मिनिटं या हो, सही आहे," अशी हाक आली की मास्तर सुई शर्टाच्या कॉलरला टोचून निघत. कागद कोरा असे. मजकूर हवालदार सवडीने भरी, कारण अख्ख्या चौकीत अक्षर त्याचंच चांगलं होतं. वर "समक्ष पाहिले", खाली सही. चौकीशी कशाला वाकडं घ्या, असा मास्तरांचा साधा हिशेब. कापड फाटत असेल तर माणूस बोलतो. कागदाने कुणाचं काय फाटतंय?

एकदा घड्याळजींच्या हातात पेनातली शाई संपली. दुसरं पेन नव्हतं. साहेबांनी क्षणभर विचार केला. "इथं हजर आहात ना? काही बोलला नाहीत ना? मग झाली सही." पुढे साहेब मोठे झाल्यावर हाच ठराव "मौनसही नियम" म्हणून प्रांताच्या नियमपुस्तकात गेला. वाचकांनी तो लक्षात ठेवलेला बरा.

साहेब चढत चढत प्रांतपाल झाले. प्रांतभवनात त्यांनी सोबत तीन गोष्टी नेल्या : थर्मास, हवालदार (आता पदनाम : मुख्य विकास लेखनिक) आणि पाच पंच. पहिल्याच बैठकीत अभियंत्यांनी सांगितलं, की आधी काम होतं, मग पाहणी, मग पूर्णत्वाचा दाखला. साहेब म्हणाले, "गुन्ह्याची गोष्ट वेगळी. गुन्हा आपण घडवत नाही, म्हणून तो आधी घडू द्यावा लागतो. विकास तर आपल्याच हातात आहे. मग थांबायचं कशासाठी?" टाळ्या झाल्या. त्या दिवसापासून प्रांतात आधी पंचनामा होऊ लागला. आणि पंचनामा झालेलं काम पूर्ण झालेलं असल्यामुळे, ते करण्याची गरज उरेना.

लेखनिकाची हयात चौकीत गेलेली, त्यामुळे भाषा तीच राहिली. प्रांताच्या दप्तरात आजही नोंद आहे : "सदर ठिकाणी एक रस्ता निपचित पडलेल्या अवस्थेत मिळून आला." एका बागेबद्दल : "झाडे घाबरलेली वाटली. विचारपूस करता समाधानकारक उत्तरे दिली." विमानतळाबाबत फक्त एक ओळ : "विमानतळ घटनास्थळावरून उड्डाण करून पसार झाला असावा, शोध चालू." पंचांना प्रवासाचा त्रास नको म्हणून घटनास्थळ मास्तरांच्या दुकानात आणलं जाई, नकाशाच्या रूपात. कापायच्या टेबलावर, कमरेशी खडूच्या खुणा असलेल्या पॅण्टी बाजूला सारून, मास्तरांनी पाहिलेली कामं अशी : रस्ते एकशे सतरा, बागा एकसष्ट, शाळा चौऱ्याण्णव, पूल दोनशे दहा, किरकोळ सतरा. एकूण चारशे नव्व्याण्णव. (यातली काही कामं जागेवरही सापडली. त्याची चौकशी नेमली आहे.)

आता मास्तरांच्या घराकडे वळू.

घर आणि दुकान यांच्यामध्ये एक नाला होता. त्यावरून पाण्याचा एक जाड पाइप गेलेला. पाइपावरून आलं तर चार मिनिटं, वळसा घालून आलं तर चाळीस. मास्तरांची बायको रोज दुपारी डबा घेऊन पाइपावरून येई : डबा उजव्या हातात, चपला डाव्या, आणि जीव मुठीत. बाजार पलीकडे, दवाखाना पलीकडे, सख्खी बहीणही पलीकडेच. मागच्या महिन्यात पाय घसरला. डबा नाल्यात गेला, बाई पाइपाला लटकल्या, गुडघा गेला. डॉक्टरांनी सांगितलं, आता पाइप बंद, वळसाही बंद. बाईंनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी गुडघ्याला पट्टा बांधून पाइपावरून आल्या, कारण मास्तरांना भूक डॉक्टरांना विचारून लागत नसे. पण अजून एकदा घसरल्या तर काय, हे दोघांनाही माहीत होतं. पुलासाठी बाईंनी आजवर नऊ अर्ज केले होते.

"अहो, तुमच्या त्या कागदांत आपला नाला कधी येतो का हो?"

"येईल की. दमानं येईल."

"शाळा आल्या, बागा आल्या, विमानतळसुद्धा येऊन गेला म्हणे. मी काय आता विमानातून डबा टाकू?"

"अगं, तो पसार झालाय."

"कोण?"

"विमानतळ."

बाईंनी नवऱ्याकडे असं पाहिलं, जसं घड्याळजींनी दुकानातल्या एखाद्या जुन्या घड्याळाकडे पाहावं : बंद आहे, पण फेकवत नाही.

साहेबांच्या निवृत्तीला नऊ दिवस राहिले. गौरवग्रंथ छापायला गेला होता. साहेब निरोपाच्या सुटाचं माप द्यायला आले आणि आरशासमोर दोन्ही हात वर करून उभे राहिले. (फौजदार असताना ते दुसऱ्यांना असं उभं करत.)

"मास्तर, चारशे नव्व्याण्णव सह्या केल्यात. स्वतःसाठी कधी काही मागितलं नाहीत."

मास्तरांच्या तोंडात टाचण्या होत्या. एकेक करून त्यांनी त्या काढल्या. "साहेब... घरापाशी नाला आहे. त्याच्यावर पूल झाला असता तर."

साहेबांचे डोळे पाणावले. खरंच पाणावले. "पाचशेवं काम तुमचं, मास्तर!"

त्या दिवशी मास्तर पाइपावरून शीळ घालत घरी गेले. बाईंनी बहिणीला निरोप धाडला, की जावयासारखी येते आता, पायात चपला घालून.

तिसऱ्या दिवशी लेखनिक कागद घेऊन आला. मास्तरांनी आजवर चारशे नव्व्याण्णव कागदांतला एकही वाचला नव्हता. हा वाचला.

"नाल्यावर एक पूल, वय अंदाजे नवीन, रंग सिमेंटी, उत्तरेकडे डोके व दक्षिणेकडे पाय अशा स्थितीत उताणा मिळून आला. अंगावर दोन कठडे. मारहाणीच्या खुणा नाहीत. पंचांनी पूल ओळखला."

"हवालदार, अहो, पण पूल कुठाय?"

"हा काय!" लेखनिकाने कागदावर बोट ठेवलं.

"तसं नव्हे. सही झाली की मग बांधतात ना?"

लेखनिकाला प्रश्नच कळेना. "मिळून आल्यावर परत कशाला शोधायचा, मास्तर?"

मास्तरांनी सुई कॉलरला टोचली, ती जरा आत टोचली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कागदाने काहीतरी फाटत असल्याचा आवाज त्यांना ऐकू आला.

शेवटच्या दिवशी सोहळा नाल्याकाठीच ठेवला, कारण पाचशेवं काम आणि मास्तरांचा मान. अधिकारी आले, फोटोवाला आला, साहेब नव्या सुटात आले. पॅण्टची इस्त्री अशी, की कडेने सुपारी कापावी. चौघांनी भराभर सह्या केल्या. (बाकावरच्या गृहस्थांनी दोनदा.) पेन मास्तरांकडे आलं.

"साहेब, मी टेप आणलीय," मास्तर म्हणाले. "माप घेतो, मग सही करतो. धंद्याची सवय."

कुणीतरी खोकलं. साहेब रागावले नाहीत. त्यांना वाईट वाटलं. "मास्तर, चारशे नव्व्याण्णव वेळा ही टेप कुठं होती हो?"

दोनशे दहा पूल त्यांनी टेबलावर बसून पाहिले होते. म्हणजे दोनशे दहा ठिकाणी कुणाची तरी बायको चपला हातात घेऊन उभी असणार, आणि तिच्या दहाव्या अर्जाला उत्तर गेलं असणार : पूल आहे, मास्तरांनी पाहिलाय. मास्तर खाली बघत राहिले. आणखी जरा गप्प राहिले असते तर नियमाप्रमाणे सही झाली असती.

तेवढ्यात पलीकडच्या काठावरून हाक आली. बाई डबा घेऊन उभ्या होत्या, गुडघ्याला पट्टा.

"अहो साहेब! पूल झाला म्हणे! मग या की इकडं, डबा गरम आहे!"

साहेब ज्या क्षणी मागे वळले असते त्या क्षणी पुलाविरुद्ध पुरावा तयार झाला असता. साहेब मागे वळले नाहीत. ताठ मानेने, डावा हात कठड्याच्या उंचीवर ठेवून, ते पुलावर चढले आणि कमरेपर्यंत नाल्यात गेले. (चव्वेचाळीस इंची कंबर, नाल्याची पातळी वाढली.) मागोमाग अधिकारी उतरले, सेवाज्येष्ठतेनुसार. जो काठावर राहिला असता त्याने पूल नाकारल्यासारखं झालं असतं. फोटोवाला पुलाच्या मध्यभागी एका खड्ड्यात गेला. लेखनिकाने कागद डोक्यावर धरून, चालता चालता, शेवटची ओळ लिहिली : "पुलावर मोठी वर्दळ दिसून आली. पूल किंचित ओलसर."

"कठडा धरा, साहेब, कठडा!" बाई वरून काळजीने सांगत होत्या. शेवटी त्यांनीच हात देऊन साहेबांना वर ओढलं. साहेबांनी त्यांचे आभार मानले आणि पूल मजबूत असल्याचं सांगितलं.

काठावर एकटे मास्तर उरले. इस्त्री गेली याचं त्यांना मनापासून दुःख झालं. मग ते मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मी पूल पाहिला नाही, साहेब. बाकीचे दोनशे दहाही पाहिले नाहीत."

बोलले, म्हणजे मौनसही लागू नाही. पाचवी जागा कोरी राहिली.

साहेब निवृत्त झाले. गौरवग्रंथ निघाला. नव्या प्रांतपालांनी (हे पूर्वी अग्निशमन दलात होते, पेट घेतल्याशिवाय फाइल उघडत नाहीत) बाईंच्या दहाव्या अर्जावर शेरा मारला : "पंच चार. पाचवा मिळाल्यास पूल झाला असे समजून फाइल बंद करावी. न मिळाल्यास बांधून द्यावा." इतका सरळ शेरा प्रांताच्या दप्तरात दुसरा नाही. अभियंत्यांनी वाळूसुद्धा आणून टाकली. फक्त पाचवा कुणी मिळू नये, एवढंच देवाकडे मागायचं होतं.

कार्यालयीन पद्धतीप्रमाणे सगळ्या घटनेचा वृत्तांत लिहून पंचनाम्याला जोडला गेला. सोहळ्यातलं खोकणं, नाल्याची खोली, पट्टा, डबा, सगळं आलं त्यात. जो कुणी हा वृत्तांत पहिल्या ओळीपासून वाचेल, तो नियमाने समक्ष हजर धरला जाईल.

तो वृत्तांत हाच.

आपण सुरुवातीपासून इथं आहात. पूल नाही, हे आपल्याला मास्तरांच्याही आधी कळलं होतं. मध्ये एकदोनदा हसलात, त्याची नोंद होत नाही. बोलला मात्र एक अक्षर नाहीत.

पाचवी सही पोचली. पूल झाला, वाळू परत जाते आहे. अभिनंदन.

आता उगाच हाक मारू नका. बाई पाइपावर मध्यापर्यंत आल्यात, तोल जाईल.