दीड तासावरची लेक

“दीड तासाच्या प्रवासाला तीन बॅगा! वरातीला निघाल्यासारख्या!” घड्याळजी दाराआड पुटपुटले.

आईनं ऐकलं, लेकीनंही ऐकलं. दोघींनी मिळून तिसऱ्या बॅगेची चेन ओढली.

त्याचं असं झालं होतं. लेकीला परदेशात नोकरी लागली, तेव्हा घड्याळजींनी घर डोक्यावर घेतलं होतं. मग तिकीट आलं. सुटण्याची वेळ दहा, पोचण्याची साडेअकरा. चाळीस वर्षं लोकांची घड्याळं वळणावर आणणारा माणूस, त्यानं डोळ्याला भिंग लावून तिकीट वाचलं आणि निकाल दिला, “दीडच तास? अगं, मग जा की! सकाळी तुला भेटून दुपारी दुकान उघडीन!”

लेकीनं आईकडे बघितलं, आईनं भिंतीकडे. नंतर सांगू, दोघींनी मनात म्हटलं. त्या ‘नंतर’ला तीन आठवडे झाले. तेवढ्यात लेकीनं आपली सायकलही मैत्रिणीला देऊन टाकली. दोन वर्षांसाठी जाणारी मुलगी सायकल कशाला देऊन टाकते? आईनं तेही विचारलं नाही.

विमान दहाला सुटलं. साडेअकराला घड्याळजींनी लेकीला फोन लावला. बंद! पावणेबाराला लावला. बंद! बाराला ते समोरच्या शिंप्याकडे धावले.

“अहो, विमान हरवलं!”

शिंप्याची कात्री दचकली आणि कुणाच्यातरी सदऱ्याची एक बाही कायमची आखूड झाली! अर्धी गल्ली घड्याळांच्या दुकानात गोळा झाली. शेवटी विमान कंपनीतली एक मुलगी फोनवर सापडली.

“काका, पोचायला अजून साडेसात तास आहेत.”

“अहो, तिकिटावर साडेअकरा छापलंय!”

“ते तिथले साडेअकरा. तिथली घड्याळं आपल्यापेक्षा आठ तास मागे. प्रवास साडेनऊ तासांचा. साडेसात हजार किलोमीटर आहे, काका.”

घड्याळजीला कुणीतरी वेळ समजावून सांगितली होती! पण गल्ली हसलीसुद्धा नाही, गुपचूप पांगली. तेच आईला जास्त लागलं.

“तुला ठाऊक होतं?” त्यांनी विचारलं.

आईनं काउंटरवरची नसलेली धूळ पुसली.

मग ते स्टुलावर चढले आणि भिंतीवरचं एकेक घड्याळ तिथल्या वेळेवर लावायला लागले.

“अहो, ती गिऱ्हाइकांची आहेत! आणि आठ तास मागे घ्यायचंय, तर काटे पुढे काय ढकलताय?”

“ठोक्याचं घड्याळ मागे फिरवत नसतात. बिघडतं. चार तास पुढे नेलं की काटे तिथंच येतात.”

एकवीस घड्याळं! प्रत्येकाला वाटेतल्या दर तासाला थांबवून ठोके देऊ द्यायचे! दुपारभर दुकान नुसतं कोकलत होतं. टपालवाल्यानं आत साडेपाच वाजलेले पाहिले, “मेलो!” म्हणाला, आणि उरलेली सगळी पत्रं शिंप्याच्या गळ्यात मारून पळाला.

संध्याकाळी साडेसातला एकवीस घड्याळांनी साडेअकराचा एकेक ठोका दिला. तो विरतोय तोच फोन वाजला.

“बाबा, पोचले! बघा, दीड तासात!” लेकीचा आवाज उगाचच हसरा होता.

“हो तर! आमच्याकडेही साडेअकराच वाजलेत.”

आईनं फोनला कान लावला.

“बाळा,” घड्याळजी म्हणाले, “सायकल देऊन टाकलीस तू. आता परत यायची नाहीस, होय ना?”

“नाही येणार, बाबा.”