आत्या, डावीकडे सरक!

भूमितीचे मास्तर गाडीखालून बाहेर आले तेव्हा नाकाला ग्रीस लागलं होतं आणि चेहऱ्यावर बोर्डात पहिला आल्याचा आनंद मावत नव्हता. लग्नानंतर याच गाडीत, पुढच्या सीटवर शेजारी शेजारी बसून, ते आणि मास्तरीणबाई डोंगरावरच्या विश्रामगृहात गेले होते. लग्नाच्या वाढदिवसाला पुन्हा तसंच जायचं, दोघांनीच, असं मास्तरांनी मनाशी पक्कं केलं होतं. त्यासाठी सुट्टीभर खपून त्यांनी मागचं सगळं सस्पेन्शन उतरवून नव्या स्प्रिंगांसह परत जोडलं होतं.

पण गाडी रस्त्यावर आली आणि सरळ जायचं नाव घेईना. जन्मभर फळ्यावर सरळ रेषा काढलेल्या माणसाची गाडी चक्क तिरकी!

"चाकं जुळवून घ्यायची राहिलीत, बाकी काही नाही," असं म्हणत वाढदिवसाच्या आदल्या दिवशी त्यांनी अलाइनमेंटवाल्याचं दुकान गाठलं.

अलाइनमेंटवाल्याने खाली वाकून पाहिलं. "काम झकास केलंय, साहेब. पण मागचं सगळं नवीन आहे. जितकी माणसं बसणार तितकी बसवा, म्हणजे त्या वजनावर चाकं जुळवतो. रिकाम्या गाडीवर करून उपयोग नाही."

मास्तरांनी लगेच घरी फोन लावला. "अगं, असशील तशी निघून ये!"

"असेन तशी? डोक्याला कलप फासलाय मी!" मास्तरीणबाई कडाडल्या. "आत्याबाईंना पाठवते."

आत्या म्हणजे मास्तरांची आत्या. अंगाने भरभक्कम आणि फिरायची भारी हौस. ती रिक्षातून उतरली ती थेट मागच्या सीटवर डाव्या बाजूला जाऊन बसली. "पुढे माझे गुडघे मावत नाहीत रे."

"अहो, पण उद्या मागे कोणी बसणार आहे का?" अलाइनमेंटवाल्याने विचारलं.

"वजन म्हणजे वजन हो! करा सुरू!" मास्तरांना धीर कुठला!

काम झालं. आत्याला घेऊन मास्तर परतले तेव्हा गाडी ओळंब्याला लावल्यासारखी सरळ चालली होती. हर्षाने त्यांनी वाटेत दोनदा उगाचच हॉर्न वाजवला.

सकाळी मास्तरीणबाई नटूनथटून पुढे बसल्या. गाडी निघाली आणि कोपऱ्यावरच उजवीकडे ओढायला लागली.

"अहो, दुभाजकावर चढवताय का?"

"आत्या!" मास्तरांनी कपाळावर हात मारला. "आत्याचं वजन नाही ना मागे!"

अलाइनमेंटवाल्याचं दुकान नेमकं बंद होतं. मास्तरांनी घरून तांदळाचं पोतं आणून मागे ठेवलं, तर पहिल्याच वळणावर ते आडवं झालं आणि तांदूळ पायाशी सांडले. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं! शेवटी आत्यालाच गळ घालावी लागली.

"छे रे, तुमच्या दोघांत मी मेली कशाला लुडबुडू?" असं म्हणेपर्यंत आत्याने चपला घातल्याही होत्या.

आणि काय सांगावं, गाडी सुटली ती तीरासारखी! मास्तर खुशीत शीळ घालू लागले. डोंगराचा चढ लागला तशी आत्याला डुलकी लागली आणि ती हळूहळू सीटवरून उजवीकडे घसरली. गाडीही तिच्या पाठोपाठ उजवीकडे निघाली. समोरून ट्रक येत होता.

"आत्या, डावीकडे सरक!" मास्तर किंचाळले. आत्या दचकून सरकली आणि गाडी जागेवर आली. पुढच्या वळणावर पुन्हा तेच झालं.

"थांबवा गाडी," मास्तरीणबाई म्हणाल्या. "मी मागे बसून त्यांना धरून ठेवते. नाहीतर आपला वाढदिवस दवाखान्यात साजरा होईल."

मागे दोघींच्या गप्पा अशा रंगल्या की आत्याची झोप पार उडाली. मास्तर पुढे एकटेच. गाडी लोण्यासारखी चालली होती, पण शेजारची रिकामी सीट बघून त्यांना मनातून फार वाईट वाटत होतं.

विश्रामगृहाच्या पहारेकऱ्याने अदबीने मागचं दार उघडलं. "या बाईसाहेब." मग मास्तरांकडे वळून तो म्हणाला, "ड्रायव्हर, गाडी मागच्या बाजूला लाव. चहा तिकडेच मिळेल."

आत्या खो खो हसत उतरली. मास्तर ओशाळून गाडी सुरू करणार, तोच शेजारचं दार उघडलं आणि मास्तरीणबाई पदर सावरत पुढे येऊन बसल्या.

"चला, ड्रायव्हर."

मास्तरांची कळी खुलली. मागे आता कोणीच नव्हतं. गाडी लगेच उजवीकडे ओढायला लागली आणि मास्तरांनी स्टिअरिंग कितीही दाबून धरलं तरी थेट फुलझाडांच्या वाफ्यात शिरली. मागून पहारेकरी ओरडत धावत आला.

"असू दे हो तिरकी," मास्तरीणबाई म्हणाल्या. "जरा वेळ इथेच बसू."