साहेबांचा निरोप

"फुगा आपणहून कधीच फुटत नाही. फुगवणारा चुकतो!"

हे वाक्य फुगेताईंनी आजवर इतक्या जणांना ऐकवलं होतं, की गल्लीतली पोरंही ते पाठ म्हणायची. आणि खोटं नव्हतं हो ते! वाढदिवस असो की दुकानाचं उद्घाटन, त्यांनी बांधलेल्या कमानीतला एक फुगा कार्यक्रम संपायच्या आत फुटेल तर शपथ! शिवाय त्यांची एक खासियत होती. बाकीचे सजावटवाले तयार अक्षरं आणून चिकटवतात. फुगेताई लांबट फुगे पिळून, वळून अक्षरं स्वतः घडवायच्या. काना, मात्रा, वेलांटी, सगळं जिथल्या तिथे. अनुस्वारालासुद्धा चिमुकला गोल फुगा! "माझ्या भिंतीवर शुद्धलेखनाची एक चूक दाखवा, सजावट फुकट!" असं त्या छातीठोकपणे सांगायच्या. शुद्ध लिहूनही माणूस गोत्यात येऊ शकतो, हे त्यांना अजून कळायचं होतं.

बाईंचा आवाज असा खणखणीत, तर नवरोबांचा शोधावा लागायचा. आवाजाची वाटणी करताना देवाने सगळं माप एकीकडेच ओतलं असणार. ते एका कंपनीत कारकून होते आणि इतके हळू बोलायचे, की ऑफिसात त्यांचं नावच हळूभाऊ पडलं होतं. समोरच्याला निम्मं ऐकू यायचं आणि उरलेलं निम्मं तो मनाने भरून काढायचा.

त्या आठवड्यात या घराचं धाबं दणाणलं होतं. कंपनीच्या लांबच्या शाखेत एक माणूस पाठवायचा होता आणि साहेबांच्या तोंडी हळूभाऊंचं नाव होतं. साहेब म्हणजे काय विचारू नका! हसायचं असलं तरी आधी रीतसर अर्ज मागतील असा माणूस. बदली झाली असती तर फुगेताईंनी दुसरीकडेही फुगे फुगवले असते, हवा काय सगळीकडे मिळते. प्रश्न सासूबाईंचा होता. त्यांची दृष्टी केव्हाच गेली होती, पण या घरातला उंबरा न् उंबरा त्यांच्या हातापायांना पाठ होता. दिवसभर खिडकीशी बसून त्या सुनेच्या फुग्यांना गाठी मारायच्या आणि एक गाठ सैल निघायची नाही. बदलीचं कानावर आलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "तिथे गेले की मी आंधळी होईन गं."

फुगेताईंनी पंप सुरू केला आणि त्याच्या आवाजात पोटभर रडून घेतलं.

तर अशा दिवसांत, दुपारी पंप भरभरत असताना, हळूभाऊंचा फोन आला.

"अगं, साहेबांचा निरोप आहे."

"काय?" फुगेताई ओरडल्या. "निरोप? साहेबांचा?"

"हो. आत्ताच आला."

"अगंबाई! इतक्या तडकाफडकी? कधी आहे?"

"आज पाचला. मोठा हॉल सजवायचाय. तूच ये म्हणालेत."

"आणि तुमच्या बदलीचं काय हो मग?"

"तेच तर! सजावट झकास झाली की सगळं ठीक होईल," हळूभाऊ पुटपुटले आणि साहेब मागून गेले म्हणून त्यांनी फोन ठेवला.

फुगेताईंना काय ऐकू आलं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. साहेब चालले! साहेब गेले की बदलीही गेली! त्यांनी सासूबाईंना तिथल्या तिथे मिठी मारली. मधले तीन फुगे वाचले, हे सासूबाईंच्या गाठींचं श्रेय.

"आई, साहेब निघाले! निरोप समारंभ आहे!"

"सुखी राहो बिचारा," सासूबाई म्हणाल्या. "लांब राहो."

हॉलमध्ये पोचल्यावर फुगेताईंच्या हातांत वारं शिरलं. दाराला पांढऱ्या-निळ्या फुग्यांची कमान, चार कोपऱ्यांत चार खांब आणि समोरच्या भिंतीवर, शिडी लावून, लालभडक अक्षरांत या टोकापासून त्या टोकापर्यंत: साहेबांचा निरोप समारंभ. इतक्या आनंदाने त्यांनी आयुष्यात कुणाला निरोप दिला नव्हता. शेवटचा भ वळताना तर त्या चक्क गुणगुणत होत्या.

पहिले डोकावले बडेबाबू. ऑफिसातले सगळ्यात जुने कारकून. ते भिंत वाचायला लागले, 'समारंभ'पर्यंत आले आणि दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले.

"वहिनी, हे खरं आहे?"

"मग! भिंतीवर मी खोटं लिहीन?"

"पण आम्हाला कुणीच कसं सांगितलं नाही? पाचला हॉलमध्ये जमा, एवढंच कळलं होतं."

"आमच्या ह्यांनाच आधी कळलं," फुगेताई शिडीवरून म्हणाल्या.

बडेबाबूंच्या डोळ्यांत पाणी आलं. दुःखाचं नव्हे! त्यानंतर ऑफिसात जी पळापळ झाली ती काय वर्णावी. जो तो डोकावून जायचा, भिंत वाचायचा आणि जाताना चेहरा लांब करायचा प्रयत्न करायचा. ते काही जमायचं नाही. बडेबाबू भेटवस्तू आणायला धावले. जाता जाता त्यांनी हळूभाऊंच्या पाठीत असा धपाटा घातला की त्यांचा चष्मा नाकावर आला. "छुपे रुस्तम! साहेब चालले आणि आम्हाला पत्ता नाही?"

हळूभाऊ भांबावून हॉलमध्ये आले आणि भिंतीकडे बघतच राहिले. "अगं, साहेब चालले? तुला कोणी सांगितलं?"

"तुम्हीच की! दुपारी फोनवर!"

"मी?"

"तुम्ही!"

आता दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, छे, मी असं बोललोच नाही. पण हळूभाऊंचा स्वतःवर एवढा विश्वास असता तर ते मोठ्याने नसते का बोलले? त्यांनी डोकं खाजवलं आणि म्हणाले, "म्हणालो असेन."

पाच वाजायला थोडा वेळ राहिला. माणसं जमली. आणि शिपाईदादा साहेबांसाठी पाण्याचा तांब्या घेऊन हॉलमध्ये शिरले. दुपारी साहेबांचा शब्द हळूभाऊंकडे आणणारे हेच ते. त्यांनी भिंत वाचली आणि अर्धा तांब्या स्वतःच्या पायावर ओतला.

"ताई! हे काय लिहून ठेवलंत?"

"का? ऱ्हस्व-दीर्घ चुकलं का काही?"

"अहो, समारंभ कसला? कोण म्हणालं तुम्हाला?"

"हे म्हणाले. साहेबांचा निरोप आहे."

"तो निरोप नव्हे हो! हा निरोप! मी आणलेला! साहेबांचा निरोप आहे, हॉल सजवा आणि सगळ्यांना बोलवा, असा!" शिपाईदादांचा आवाज चिरकला. "साहेब कुठेही जात नाहीयेत. त्यांना नोकरीत दोन वर्षं वाढवून मिळाली आहेत. तेच सांगणार आहेत आत्ता!"

हॉलमधला प्रत्येक माणूस जिथल्या तिथे थिजला. बडेबाबूंच्या हातात रंगीत कागदात गुंडाळलेली लांबलचक भेट होती, ती त्यांनी नकळत पाठीमागे नेली. हळूभाऊ आधीच हळू, आता तर त्यांच्या तोंडातून नुसती वाफ यायला लागली. फुगेताईंच्या डोळ्यांसमोर मात्र ना साहेब होते, ना बदलीचा कागद. परक्या घरात भिंती चाचपडणारे सासूबाईंचे दोन हात तेवढे दिसत होते. आणि हे आपण केलं! आपल्या हाताने, लालभडक अक्षरांत!

"किती वेळ आहे?" त्यांनी विचारलं.

"निघालेत! जिन्यात आहेत!"

शिडी 'भ'पाशीच होती. फुगेताई खारीसारख्या वर चढल्या. भ घट्ट चिकटलेला. त्यांनी तो ओरबाडून काढला आणि काखोटीला मारला. पण असं एकेक सोडवत बसलं तर दिवस मावळेल! त्यांनी केसांतली पिन काढली. आयुष्यात पहिल्यांदा ही बाई स्वतःच्या हाताने स्वतःचे फुगे फोडणार होती.

फट्! 'र'चा अनुस्वार गेला. फट्! फट्! खुद्द र गेला.

"हळू! हळू!" बडेबाबू कळवळले.

"काय?" हळूभाऊ दचकले.

"तुम्हाला नाही हो!"

फट्! 'मा'चा काना. फट्! फट्! जिन्यातली पावलं थांबली. हॉलमधल्या सगळ्यांचे श्वासही थांबले. मग पावलं परत सुरू झाली, चांगली भराभरा. शिपाईदादांनी शिडी धरून फुगेताईंना शिडीसकट पुढे सरकवलं. फट्! स गेला. आता 'निरोप'. त्यांनी 'प'वर पिन रोखली...

"हा कसला गोळीबार चाललाय?"

दारात साहेब!

फुगेताई शिडीवर तशाच. एका हातात पिन, काखेत भला मोठा लाल भ. साहेबांची नजर आधी त्यांच्यावर गेली, मग भिंतीवर. भिंतीवर आता एवढंच उरलं होतं: साहेबांचा निरोप.

साहेबांनी ते मोठ्याने वाचलं. अक्षर न् अक्षर तोलून.

"साहेबांचा... निरोप."

बडेबाबूंनी डोळे मिटून घेतले होते.

"वा!" साहेब म्हणाले. "वा, वा, वा! मी तोंडी निरोप काय पाठवला, तुम्ही तो भिंतीवर कोरलात! पंचवीस वर्षं मी या ऑफिसात निरोप धाडतोय, पण माझ्या निरोपाची एवढी कदर कोणी केली नव्हती!"

सगळ्या हॉलने एकदम श्वास सोडला. तेवढ्या वाऱ्याने कमान हलली म्हणतात.

"आणि बाई, काखेत हा 'भ' कशाचा?"

"भ... भ..." फुगेताईंनी तो काखेत आणखी घट्ट दाबला. "भरभराटीचा, साहेब!"

"सुंदर!" साहेब पुढे येऊन खुर्चीत बसले. मग उठून त्यांनी आपली मुदतवाढ जाहीर केली. टाळ्या पडल्या. हात वाजत होते, चेहरे नव्हते. "बडेबाबू, तुम्ही सगळ्यांत जुने," साहेब म्हणाले, "दोन शब्द बोला!"

बडेबाबूंनी तासाभरापूर्वी भाषण पाठ केलं होतं. त्यांच्याकडे तेवढं एकच भाषण होतं. ते उभे राहिले, घसा खाकरला आणि तोंडातून तेच बाहेर पडलं.

"मित्रहो, आज साहेब आपल्याला सोडून..."

हळूभाऊंनी खुर्चीचा हात गच्च धरला. बडेबाबूंच्या कपाळावर घाम डवरला.

"...सोडून जात नाहीत!" बडेबाबू किंचाळले. "या दुःख... या सुखद प्रसंगी आमची ही लहानशी भेट!"

साहेबांनी कागद सोडला. आत मुठीची, सुबक, म्हातारपणी आधाराला घ्यायची काठी.

"काठी?"

"छडी, साहेब!" शिपाईदादा मधेच म्हणाले. देव त्यांचं भलं करो! "शिस्तीसाठी! आमच्यावर!"

साहेब हसले. अर्ज-बिर्ज न मागता हसले! त्यांनी छडी टेबलावर हलकेच आपटून पाहिली आणि हळूभाऊंना जवळ बोलावलं. "काय हो, बदलीसाठी तुमचंच नाव आहे ना? छे! असा माणूस, अशी बायको मी लांब पाठवणार नाही. सगळ्यांसमोर सांगतो, तुमची बदली रद्द!"

फुगेताईंनी शिडी घट्ट धरली. शिडी नसती तर त्या खालीच बसल्या असत्या. आई, तुमचे उंबरे वाचले, त्या मनात म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. इथे गप्प राहिल्या असत्या तर कथा इथेच संपली असती. पण साहेब कधी नव्हे ते खुशीत होते. त्यांनी वर बघून विचारलं,

"बाई, दोन वर्षांनी मी खरंच जाईन. तेव्हा काय लिहाल या भिंतीवर?"

कामाचा विषय निघाला की फुगेताईंना भान राहत नसे. डोळे पुसत, हसत, मोकळ्या मनाने त्या बोलून गेल्या, "हेच राहील, साहेब! पुढे फक्त 'समारंभ' परत लावायचा!"

परत!

तो शब्द हॉलभर फिरला आणि खाली येऊन बसला. साहेबांनी भिंतीकडे पाहिलं. निम्मी भिंत भरलेली, निम्मी रिकामी. मग जमिनीकडे. शिडीखाली फुटक्या फुग्यांच्या लाल चिंध्या. मग काखेतल्या 'भ'कडे. मग हातातल्या छडीकडे. सगळ्यात शेवटी बडेबाबूंकडे. आणि गाठ सैल राहिलेल्या फुग्यासारखं त्यांचं हसू हळूहळू उतरत गेलं.

"भरभराटीचा, नाही का?" ते म्हणाले आणि छडी टेकत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत घरात कोणी नीट जेवलं नाही. सासूबाई गाठी मारत होत्या, पण दोन गाठी सुटल्या. फोन वाजला.

"अगं," हळूभाऊ म्हणाले, "साहेबांचा निरोप आहे."

"थांबा!" फुगेताईंनी आधी पंप बंद केला. कपाळावरचा घाम पुसला. "आता बोला. आलाय, की द्यायचाय?"

"आलाय. बदली रद्दच आहे. चारचौघांत दिलेला शब्द मागे घेत नाही, म्हणाले."

"आई, राहतोय हो आपण इथेच!" फुगेताई ओरडल्या. सासूबाईंनी हातातला फुगा गालाला लावला. "आणि हो, पुढे? अजून काही म्हणाले का?"

मग हळूभाऊ बोलले. आयुष्यात पहिल्यांदा अगदी स्पष्ट बोलले.

"माझं टेबल त्यांच्या दारासमोर आणलंय. आजपासून त्यांचे सगळे निरोप मीच पोचवायचे. आणि तोंडी नाही. लेखी."