फोटोमागचं बिऱ्हाड

पाहुण्यांची बैठक कशी पार पाडावी, हे मला कुणी शिकवू नये! सगळं आयुष्य मी प्राथमिक शाळेत मास्तर होतो. साहेब तपासणीला आले, की भिंतीची भेग नकाशामागे आणि मोडका बाक वर्गातल्या सगळ्यांत जाड पोराखाली लपवावा, तर तो मीच! त्यामुळे वारंगा फाट्याहून माझ्या प्रमोदसाठी सोयरिकीचे पाहुणे येणार असं ठरलं, तेव्हा मी आमच्या कमलबाईंना छाती फुगवून सांगितलं, "तू फक्त पोह्यांचं बघ. बाकीचं माझ्याकडं लागलं!"

"तेचंच तर भ्याव वाटून राहिलं," ही म्हणाली.

ही गोष्ट आमच्या हट्टा गावची. हिंगोली जिल्हा वेगळा होऊन नुकतंच वर्ष झालं होतं. प्रमोदची बायको, आमची सून विशाखा, काविळीनं गेली होती. मागे सात वर्षांची आकांक्षा राहिली. दिवसभर टकळी चालवणारं लेकरू एकदम मुकं झालं. मी गोष्टी सांगितल्या, पाटीवर हत्ती काढले, चिंचोके मांडून बेरजा खेळलो. दुसऱ्यांची रडकी पोरं हसवण्यात जन्म गेला माझा, पण स्वतःच्या नातीपुढं माझी सगळी विद्या संपली.

आणि मग चिमण्या आल्या.

आमच्या बैठकीच्या खोलीत समोरच्या भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, आणि त्यांच्या बाजूला विशाखाचा फोटो. तो सुतळीनं टांगलेला, त्यामुळे वरून जरा पुढं झुकलेला, जणू खाली बसलेल्यांचं बोलणं ती ऐकतेय. त्या झुकलेल्या फोटोमागच्या जागेत एका जोडप्यानं बिऱ्हाड थाटलं. चिमणा गळ्याखाली काळाभोर, आत्ताच कोळशानं दात घासून आल्यासारखा. चिमणी मातकट, साधी, पण घर तिच्या हुकमाचं! एकदा तो आपल्या लांबीच्या तिप्पट काडी घेऊन आला. अर्धा तास आडवी घालतोय, उभी घालतोय! शेवटी तिनं ती काडी त्याच्या चोचीतून ओढली आणि सरळ खाली टाकून दिली.

"आबा, तिनं फेकूनच देली!" आकांक्षा म्हणाली आणि खदखदून हसली.

कित्येक महिन्यांत तिच्या तोंडून निघालेलं ते पहिलं सबंध वाक्य. मी चष्मा पुसायला परसात गेलो. चष्मा काही मळलेला नव्हता.

त्या दिवसापासून आमची शाळा सुरू झाली. बाजेवर उताणं पडायचं आणि वर पाहायचं. गळ्याखाली काळं तो नर, हे तिनं एका दिवसात पाठ केलं. आज कोंबडीचं पीस आलं, आज आजीच्या गोधडीचा दोरा आला, असा सगळा हिशेब ती मला सांगायची. घरट्यात डोकवायचं नाही, हा नियम मी घातला. फॅन लावायचा नाही, हा नियम तिनं घातला. मे महिन्यात! मराठवाड्यात! माझ्या पाठीवर घामोळ्यांचं शेत उगवलं. प्रमोद अंगणात झोपायला गेला. पण फोटोमागून पिलांचा चिवचिवाट ऐकू आला, तेव्हा आकांक्षाच्या तोंडावर जे पाहिलं, त्यापुढं घामोळ्यांची तक्रार कोण करतो?

आता पाहुण्यांकडं वळतो. मुलगी दीक्षा, वारंगा फाट्याच्या बालवाडीत शिकवायची. पहिल्या लग्नात तिची फसवणूक झाली होती. पोरगं निर्व्यसनी आहे म्हणून सांगितलं आणि निघालं पक्कं दारुडं. मध्यस्थानं बजावलं होतं, "गुरुजी, त्यांचं दुसरं काही मागणं न्हाई. फक्त खोटं बोलू नका." मी मान डोलावली. मला कशाला खोटं बोलावं लागतंय?

बैठकीच्या सकाळी ही म्हणाली, "विशाखाचा फोटो आतल्या खोलीत न्या. पोरगी द्यायला यायलेत लोकं, अन् दारातच पहिलीचा हार घातलेला फोटो! त्यांच्या जीवाला कसं वाटंल?"

म्हणणं बराबर होतं. पण फोटो हलवला, की पिलं खाली! शिवाय पाहुणे आले, की फॅन लावणार. फॅन लावला, की चिमणी गेली! आकांक्षा माझ्या धोतराचा सोगा धरून उभी. तिनं फक्त माझ्याकडं पाहिलं.

मी तपासणीतला माणूस! खतांच्या दुकानाचं मोठं कॅलेंडर आणलं आणि विशाखाच्या फोटोवर टांगलं, चिमण्यांपुरती बाजूला फट ठेवून. कॅलेंडरवर लाल ट्रॅक्टर होता. मग व्हरांड्यातल्या मीटरजवळचा फ्यूज काढून खिशात टाकला. लाईट गेली म्हणायचं, बस! आमच्या भागात ह्या वाक्यावर मे महिन्यात कुणी शंका घेत नाही.

पाहुणे आले. मुलीची आई जनकाबाई, शांत, बारीक बाई. आणि मामा पुंजाजी, दारातून आधी त्यांचं पोट आलं, मग ते. आत शिरताच त्यांनी बोर्डावरची सगळी बटनं एका पंजानं दाबली.

"लाईट गेली हो!" मी हळहळलो आणि वारा घ्यायला दोघांना वर्तमानपत्रं दिली.

तेवढ्यात भिंतीपलीकडं उकंडरावांची पिठाची गिरणी घरघरू लागली.

"गिरणी चालू हाय की, गुरुजी?" मामा म्हणाले.

"ती डिझेलवर हाय!"

खिडकीत उकंडरावांचं पिठानं माखलेलं तोंड उगवलं. "गुरुजी, लाईट लय मस्त येऊन राहिली आज! दळण असलं तं धाडा!"

"त्यांची... फेज वेगळी हाय," मी म्हणालो.

मामांचे डोळे लकाकले. "फेज? अहो गुरुजी, मी लाईनमन! जिंदगी खांबावर गेली माझी. बसा तुमी, आत्ता बघतो."

मध्यस्थानं हे मला सांगितलंच नव्हतं! मी दारात आडवा झालो. "पाहुणे तुम्ही, तकलीफ कशाला?" पण त्यांच्या पोटानं मला मायेनं बाजूला केलं.

इकडं चिमणी अळी घेऊन आली आणि फटीतून आत शिरली. ट्रॅक्टर चिवचिवू लागला! जनकाबाईंनी पोह्यांचा घास हातात धरूनच वर पाहिलं.

"कॅलेंडर हालून राहिलं, गुरुजी."

"वारं!" मी म्हणालो.

"वारं कुठं हाय?" बाईंनी पदरानं घाम टिपत विचारलं.

"अरे, फ्यूजच न्हाई!" व्हरांड्यातून मामा ओरडले. "कोन्या चोरानं नेला? थांबा, माझ्याजवळ तार हाय!"

"मामा, राहू द्या!" मी किंचाळलो.

"काहून?"

त्याचं उत्तर सुचेपर्यंत मामांनी तार गुंडाळली आणि फॅन फिरू लागला. महिनाभराची विश्रांती घेतलेला तो फॅन, असा सुटला, की ट्रॅक्टर खिळ्यावरून उडाला आणि जनकाबाईंच्या मांडीवर येऊन उतरला. त्याच क्षणी खिडकीतून चिमणा आत शिरला.

"फॅन बंद करा! आबा, चिमणा! आबा!" आकांक्षा बाजेवर उभी राहून हात वर करू लागली. मी हातात सापडली ती उशी घेतली, खुर्चीवर चढलो आणि फॅनला अडवलं! फॅन थांबला नाही. उशी मात्र फाटली. खोलीभर कापूस! प्रमोदनं एका हातानं पोरीला खाली ओढलं, दुसऱ्यानं बटन दाबलं. चिमणा दोन गिरक्या मारून, नेमका दारात येऊन थांबलेल्या मामांच्या टोपीवर बसला. दम खाल्ला, आणि भुर्रकन फोटोमागं गेला. पिलांनी एकच गलका केला.

कापूस सावकाश खाली येत होता. भिंतीवर हार घातलेली विशाखा जराशी पुढं झुकून आम्हा सगळ्यांकडं पाहत होती.

खुर्चीवरून उतरताना माझ्या खिशातून फ्यूज पडला आणि घरंगळत मामांच्या पायाशी गेला. त्यांनी तो उचलला, उलटसुलट करून पाहिला.

"हा तं चांगला हाय," ते म्हणाले.

"माझी आई हाय ती," आकांक्षानं जनकाबाईंना सांगितलं. "तिच्या मागं पिलं हायत. म्हणून फॅन न्हाई लावायचा."

जनकाबाई उठल्या. केसांतला कापूसही त्यांनी झाडला नाही. फोटोपुढं उभ्या राहिल्या, हात जोडले, आणि मग माझ्याकडं वळल्या.

"फोटोचं काही न्हाई, गुरुजी. गेलेल्या माणसाचा फोटो कोनाच्या घरी नसतो? अन् पाखरापायी फॅन बंद हाय म्हणले असते, तं मी खुशाल घाम पुसत बसले असते. पन तुमी झाकलं काहून?"

आता ह्यांना काय, नकाशामागच्या भेगा सांगाव्यात?

"वाईट वाटून घेऊ नका," त्या म्हणाल्या. "मागच्या घरीबी पहिल्या दिवशी असंच साधंसुधं काही झाकलं होतं. पोरीला एकदा आगीत लोटलं मी. आता माझंच काळीज धजत न्हाई."

त्यांनी आकांक्षाच्या डोक्यावर हात ठेवला. जरा जास्तच वेळ ठेवला. मग निघाल्या. मामा मागे राहिले, तार काढली, फ्यूज नीट बसवला, आणि मगच गेले. शेवटी ज्याचा त्याचा धर्म!

प्रमोद अंगणात बसून कितीतरी वेळ सदऱ्यावरचा कापूस वेचत होता. सगळा वेचून झाला, तरी वेचतच होता.

त्याच आठवड्यात पिलं उडाली. एक सरळ खिडकीबाहेर गेलं, एक आधी माठावर धडकलं, आणि शेंडेफळ दारातल्या उपड्या घमेल्यावर बसून आईबापाला हाका मारत राहिलं. आकांक्षा श्वास रोखून पाहत होती. तेही गेलं. नंतर मध्यस्थाचा निरोप आला. वारंग्याचे लोक नको म्हणाले.

पोरीला सांगणं माझ्याकडं आलं. मी तिला जवळ घेतलं आणि म्हणालो, "बाळा, तू आता काळजी करू नको. त्या फाट्याच्या बालवाडीच्या बाई आपल्या घरी येणार न्हाईत."

मला वाटलं, सावत्र आईच्या भीतीचं तिच्या जिवावरचं ओझं उतरेल.

"काहून न्हाई?" ती म्हणाली.

"तुला यायला पाहिजे होत्या?"

ती खाली पाहू लागली. "आजी शेजारच्या काकूला सांगत होती, त्या बालवाडीतल्या पोरींच्या वेण्या घालून देतात. दोन-दोन. आजीचे तं हात दुखतात." मग अगदी हळू, "म्हणून तं मी केस कापू देले न्हाईत, आबा."

ह्या खेपेला चष्मा पुसायला परसापर्यंतही जाता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फणी घेतली, दोन लाल रिबिनी आणल्या आणि पोरीला पुढ्यात बसवलं. फळ्यावर मी रेघ मारली, तर लोक दोरी लावून मारली का विचारायचे. पण तिचा भांग मात्र मध्येच कुठंतरी चुकला. एक वेणी कानावर बसली, दुसरी मानेत शिरली. आकांक्षानं आरशात पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग वळून म्हणाली, "छान झाल्या, आबा."

आयुष्यभर मी गणित साफ चुकलेल्या पोरांना पाटी परत देताना अगदी ह्याच आवाजात 'छान' म्हणत आलोय. त्या 'छान'ला किती मार्क असतात, ते मला चांगलं ठाऊक आहे!