विरजणाचा तह

आमच्या शेजारचे सोमाकाका काडेपेटीची काडीसुद्धा उसनी घेत नाहीत. चूल विझलेली असली तर कालचा चहा गारच पितात, पण शेजारी विस्तव मागणार नाहीत. "मागून आणलेला विस्तव आपलंच घर जाळतो, पोरी."

थंडीत सुप्याच्या धरणावरून धुकं लवकर चढतं. आमची वाडी त्यात बुडते, आणि त्या पांढऱ्या दुनियेत काका जगाची युद्धं चालवत बसतात. मोबाईलवर बातम्या लावून सोप्यातून विचारतात, "आज कुणी कुणाला तोफा दिल्या गं?" मी सांगते. मग मान हलवत म्हणतात, "तोफ त्याची, गोळा त्याचा, मग दुश्मन तरी आपला कशावरनं?"

हे वाक्य मी स्वावलंबनावरच्या माझ्या पत्रकात छापलं. परक्या शस्त्रांवर उभा असलेला देश स्वतंत्र नसतो, हे मी वाचून शिकले. काका तसं जगतात. बी घरचं, मिरची घरची, दोरीसुद्धा घरी वळलेली. रानडुकरांसाठी त्यांच्या वडिलांची कोवी, म्हणजे बंदूक, शेताकडे तोंड करून टांगलेली. तिच्या नळीत कुंभारमाशीनं घर केलंय.

"काका, ही उडणार कशी?"

"उडवायची कशाला? डुकराला ठाऊक हाय व्हय, आत काय हाय ते?"

डुकरं दरवर्षी भात खातात. काका म्हणतात, "खातात, पण बिचकून खातात."

आयात फक्त एकच. काकी गेल्यापासून रोज दिवेलागणीच्या आत ते वाटी घेऊन आमच्याकडे विरजणाला येत. पायरीवर बसून आईशी काकीच्या गोष्टी बोलत.

मग रामनगरच्या स्टँडवर मी भाषण केलं. स्वावलंबन, शेवटच्या गोळीपर्यंत! काका पुढे उभे राहून टाळ्या वाजवत होते. दुसऱ्या दिवशी वाटी आली नाही.

"घरच्याच दह्यातलं चमचाभर मागं ठेवतो आता," कुंपणापलीकडून म्हणाले. "तुझं पटलं."

त्यानंतर त्यांच्या सोप्यात नुसत्या बातम्याच बोलत राहिल्या.

एका संध्याकाळी आई म्हणाली, "भावजींकडनं विरजण आण. आमचं नासलं म्हणून सांग."

आमच्या शिंक्यात दह्याचं मडकं काठोकाठ भरलेलं होतं. मी तोंड उघडलं.

"भाषण नको," आई म्हणाली.

मी कुंपणावरून निरोप दिला, तर काका स्वतःच आले. वाटी भरलेली, पंच्यानं झाकलेली. "वैनी, ही मदत न्हवं हां. तह हाय." पायरीवर बसले, काकीच्या हातच्या ताकाची गोष्ट सुरू झाली. बोलता बोलता नजर शिंक्यावर गेली आणि तिथंच थांबली.

"उद्या पण नासंल काय हो, वैनी?"

"नासणारच की, भावजी," धुक्यात शाल आवळून घेत आई म्हणाली. "उकाडा काय कमी हाय?"